'सोळा आणे' म्हणजे पूर्ण की थोडंसं?

प्रश्न:
परवा एका तरुण सहकाऱ्याला म्हणालो, "तुझं म्हणणं सोळा आणे खरं." तो हिरमुसला. कारण विचारलं तर म्हणाला, "शंभरात सोळाच ना?" पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत; त्याने आणा पाहिलेला नाही, त्याला दोष देत नाही. पण 'पूर्ण' असलेला शब्द त्याच्या कानाला 'थोडंसं' वाटला, हे मला फार लागलं. असा उलटा अर्थ आणखी कुणी ऐकलाय का?

प्रतिसाद १:
असा अर्थ नाही ऐकला. पण 'चार आणे', 'आठ आणे' मात्र १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाल्यावरही टिकले, कारण पंचवीस आणि पन्नास पैशांना ती नावं चपखल बसली. पंचवीस पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेर बंद झालं. 'सोळा आणे' म्हणजे अख्खा रुपया, त्या नाण्याला रुपयाच म्हणत; म्हणून 'सोळा आणे' नुसता बोलण्यात उरला. 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' बघा. दोन्ही मिळून बरोब्बर रुपया होतो, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रतिसाद २:
मी महसूल खात्यात होतो. आणा तिथे किंमत नव्हे, हिस्सा सांगायचा. जुन्या सातबाऱ्यावर तीन भावांची सारखी वाटणी असेल तर प्रत्येकाच्या नावापुढे '५ आणे ४ पै'. आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२, त्यातल्या ६४ एकेकाला. एक पैही उरत नाही. शंभर पैशांत हे करून दाखवा! पिकाचंही तसंच. नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदा किती पिकलं, हे आण्यांत सांगायचे, ती 'आणेवारी'. पुढे कागदावर 'पैसेवारी' आली, ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते. पण गावात माणसं अजून विचारतात, "आणेवारी किती लागली?" तुमच्या सहकाऱ्याला सोळा भागांतले सोळा, असं सांगा.

प्रश्नकर्ता:
५ आणे ४ पै! आमच्या आजोबांच्या उताऱ्यावर हेच आकडे आहेत आणि मी आजवर ती जमिनीची किंमत समजत होतो. म्हणजे अर्थ माझ्याही हातून निसटला होता. उद्या तो उतारा घेऊन जातो आणि त्याच्याशेजारी बसून वाटणी मांडतो.