आडव्या पानाचा नंबर नक्की कुठल्या कडेला? थिसिसवाल्यांनो बोला

दांडियाबाजार_टायपिंग:
माझं मत आधीच सांगते. प्रत बाइंड होणार असेल तर लँडस्केप म्हणजे आडव्या पानावरचा हेडर (वरच्या कडेची ओळ) आणि पान नंबर उभ्या पानांच्या जागीच आला पाहिजे. म्हणजे पुस्तक न फिरवता नुसती पानं चाळली तरी नंबर खालीच सापडायला हवा. बडोद्याच्या एमएसयू विद्यापीठाच्या मुलांचं काम बघते, टेबल रुंद झालं की पान आडवं करून टाकतात आणि फूटर (खालची नंबरवाली ओळ) वर्डने जिथे ठेवला तिथेच सोडतात. मग बाइंडिंग झाल्यावर तो नंबर उजव्या कडेला उभा चढलेला दिसतो, आणि इंडेक्समधून पान ९४ शोधणारा परीक्षक ९३ नंतर अडकतो. एवढी वर्षांची मेहनत आणि प्रत अशी द्यायची?

करायचं असं. टेबलच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेजवाला, म्हणजे फाइलचा तो भाग वेगळा होतो. मग आडव्या सेक्शनमध्ये हेडर आणि फूटर दोन्हीकडे लिंक टू प्रीव्हियस (आधीच्या सेक्शनशी असलेली जोडणी) काढा, आणि त्याच्या *पुढच्या* उभ्या सेक्शनमध्येही काढा, हे कोणीच करत नाही आणि मग पुढची सगळी पानं बिघडतात. आता हेडर उघडा ठेवूनच टेक्स्टबॉक्स टाका, त्यात पेज नंबर, टेक्स्ट डायरेक्शन ९० अंश, आणि बॉक्स पानाच्या डाव्या कडेला. टेबलचा माथा बाइंडिंगकडे जातो, त्यामुळे आडव्या पानाची डावी कड म्हणजे बांधलेल्या प्रतीची खालची कड. हेडरचा मजकूर याच हिशोबाने उजव्या कडेला.

फतेगंज_रिसर्च:
ताई मला हे अजिबात पटत नाही. थिसिस आता शोधगंगावर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, वाचणारे स्क्रीनवरच वाचतात, त्यांना आडवं पान आडवंच दिसतं आणि तुमचा नंबर डाव्या कडेला झोपलेला, हेडर वाचायला मान वाकडी करायची. कपाटातल्या चार बाइंड प्रतींसाठी सगळ्या वाचकांना त्रास का? साधा सेक्शन ब्रेक, फूटर खाली मध्यभागी, झालं. टेक्स्टबॉक्स तर गाईडने दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल उघडली की सरकतोच.

दांडियाबाजार_टायपिंग:
सरकतो कारण पोझिशन कॉलम किंवा पॅराग्राफच्या हिशोबाने ठेवलेली असते. लेआउट ऑप्शनमध्ये जाऊन हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल दोन्ही "पेज"च्या हिशोबाने करा, हलत नाही. आणि व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलावर बाइंड प्रतच उघडतात ना, परीक्षक तिथे पान नंबर सांगून प्रश्न विचारतात.

मांडवीकर:
दोघांचं ऐकलं, माझं तिसरंच आहे. आडवं पान घेऊच नये. बऱ्याच वेळा टेबलमध्ये दोन कॉलम फालतू असतात, ते काढा, फॉन्ट ९ करा, बसतं. ए४ उभा २१० मिमी, आडवा २९७, मार्जिन सोडून फार मोठा फायदा नाहीये.

फतेगंज_रिसर्च:
८७ मिमी कमी नाहीत हो. माझ्या टेबलमध्ये बारा महिन्यांचे बारा कॉलम आहेत, यातले कुठले काढू? ९ फॉन्ट बाइंड प्रतीत वाचून दाखवा मग बोलू.

लिब्रेऑफिसवाला:
वर्ड सोडा असं म्हणत नाही, पण लिब्रेऑफिसमध्ये हे डोकं लावायचं कामच नाही. तिथे हेडर-फूटर पेज स्टाइलला, म्हणजे पानाच्या ठरवलेल्या साच्याला चिकटलेला असतो, लँडस्केप नावाची स्टाइल तयारच मिळते, मॅन्युअल ब्रेक टाकताना ती निवडायची आणि परतताना उभी. वर्डमध्ये तर सेक्शन ब्रेक चुकून डिलीट झाला की वरचा मजकूर खालच्या सेक्शनचं सगळं घेतो, आडवंउभं आणि हेडरसुद्धा, आणि माणूस रात्रभर शोधत बसतो. लेटेक या टाइपसेटिंग सॉफ्टवेअरमध्येही एलस्केप (lscape) पॅकेजने फक्त मजकूर फिरतो, हेडर उभ्या पानाच्या जागीच राहतो, म्हणजे छापील प्रतीबद्दल ताईंचं म्हणणं जुन्या छपाईवाल्यांचंच आहे.

मांडवीकर:
पण स्क्रीनचं काय ते सुटलंच नाही.

दांडियाबाजार_टायपिंग:
सुटलं नाही, बरोबर, म्हणून दोन पीडीएफ करा असं मी सांगते, अपलोडची आडव्या फूटरची, छापायची वेगळी. मेहनत थोडी जास्त आहे पण पान नंबर दोन्हीत तेच राहतात. फक्त प्रत्येक सेक्शनच्या नंबर फॉरमॅटमध्ये "कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस" आहे ना ते बघून घ्या, नाहीतर टेबलनंतर परत १ पासून सुरू होतं.

फतेगंज_रिसर्च:
दोन फाइल म्हणजे शेवटच्या दिवशी गाईडची एक दुरुस्ती एकीत आणि दुसरीत नाही, हे होणारच. मी एकच फाइल ठेवणार, फूटर खाली.

दांडियाबाजार_टायपिंग:
मग निदान टॅबचं बघा. उभ्या पानाच्या हेडरमधला राइट टॅब आडव्या पानावर तसाच जुन्या जागी राहतो, मजकूर मधेच लटकतो. अलाइनमेंट टॅब वापरा, तो मार्जिनप्रमाणे आपोआप सरकतो.