मदत हवी आहे: दुकानाच्या गाळ्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ

नमस्कार मंडळी. तळमजल्यावरचा गाळा भाड्याने घेतलाय, तिथे गायन आणि तबला रेकॉर्ड करायचाय. भिंतींना फोम चिकटवा, असं बरेच जण सुचवतात. पण फोमने खोलीतलं घुमणं कमी होतं, बाहेरचा आवाज अडत नाही. तो अडवायला वजनदार भिंती आणि हवाबंद सांधेच लागतात. म्हणून खोलीत खोली बांधतोय: मूळ भिंतीपासून सुटी चौकट, आत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), वर जिप्सम बोर्डाचे २ थर.

खरी अडचण वरच्या मजल्याची. पावलं, खुर्च्या सरकवणं, सगळं स्लॅबमधून थेट खाली उतरतं. रबर हँगरवर (कंपन शोषणाऱ्या रबरी आकड्यांवर) टांगलेलं छत याला पुरेल का? की वरच्यांना जाड गालिचा घालायची विनंती करावी? शिवाय स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, मग डक्टमधून आवाज न येता ती आत कशी घ्यायची? असं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा.