लांब पल्ल्याच्या सायकलीला फ्रेम स्टीलचीच हवी का?

माळरान:
चार-पाच महिन्यांच्या प्रवासाला निघायचं आहे. रोज ८०-१०० किमी, चार पॅनियर (चाकांच्या बाजूंना टांगायच्या पिशव्या), वर तंबू. पाणी धरून सामान २५ किलोच्या घरात जाईल. मागच्या मोठ्या प्रवासात माझ्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचा उजवा चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) ड्रॉपआउटजवळ, म्हणजे चाक बसतं त्या खाचेजवळ, तडकला. तडा सकाळी दिसला आणि दुपारपर्यंत नळी आरपार गेली. वाटेत जो कोणी वेल्डिंग करणारा भेटला, त्याने नळीला हात लावून पाहिला आणि मान हलवली. प्रवास तिथेच संपला. म्हणून या वेळी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) स्टील, असं माझं जवळपास ठरलं आहे. माझी कारणं मांडतो, पटली नाहीत तर खोडून काढा.

पहिलं कारण थकव्याचं. स्टीलवर ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर तो लाखो वेळा आला-गेला तरी धातू थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. ताण छोटा असला तरी हिशेब साठत जातो.

दुसरं, स्टील तुटण्याआधी वाकतं आणि आवाज देतं. तड्याच्या जागी रंगाला बारीक रेघ उमटते, पेडल मारताना करकर येते. सावध व्हायला वेळ मिळतो. डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग जिथे लटकतो तो तुकडा) वाकला तर हाताने सरळ करता येतो.

तिसरं, दुरुस्ती. स्टील जोडणारा माणूस जगात कुठेही सापडतो.

चौथं, आराम. स्टील रस्त्याचे हादरे गिळतं.

आणि इतिहासही बाजूने आहे. रेनॉल्ड्स या ब्रिटिश कंपनीची ५३१ स्टीलची नळी १९३५ साली आली आणि पुढची कित्येक दशकं लांबच्या प्रवासाची सायकल म्हणजे तीच नळी, असं समीकरण होतं. हाइन्झ श्ट्युके हा जर्मन गृहस्थ १९६२ साली तीन गिअरच्या स्टील सायकलीवर निघाला आणि पन्नासहून अधिक वर्षं फिरत राहिला.

सातशेसी:
तुमचा प्रवास अर्धा राहिला याचं मनापासून वाईट वाटलं. पण एक फ्रेम तुटली म्हणून सगळ्या धातूवर फुली मारणं मला पटत नाही. मी गेली सात वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या टूरिंग फ्रेमवर सामान वाहतो आहे, तडा नाही.

इतिहासच काढायचा तर स्कॉटिश सायकलपटू मार्क बोमाँटने २००८ साली पृथ्वीप्रदक्षिणा १९४ दिवस १७ तासांत पूर्ण केली. सुमारे २९,४०० किमी, सामानासह, कोगा कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम सायकलीवर. म्हणून मी अ‍ॅल्युमिनियम अमर आहे असं म्हणणार नाही, आणि श्ट्युकेंच्या सायकलीवरून तुम्हीही स्टीलबद्दल तसं म्हणू नये. एकेका माणसाच्या सायकलीने दोन्हीकडे काहीच सिद्ध होत नाही.

थकव्याची मर्यादा पुस्तकात खरी आहे, पण ती गुळगुळीत, निर्दोष तुकड्यावर मोजलेली असते. फ्रेम म्हणजे सांधे. सांध्याजवळ उष्णतेने धातू बदललेला असतो, कडांवर ताण एकवटतो, आतून गंज धरला तर प्रत्येक खड्डा तड्याची सुरुवात होऊ शकतो. अशा जागी ती मर्यादा खूप खाली येते. अ‍ॅल्युमिनियमला मर्यादा नाही हे ठाऊक असल्यामुळेच चांगले बनवणारे नळ्या जाड आणि रुंद ठेवतात, म्हणजे ताणच कमी येतो. तुमची फ्रेम खरोखर सामानासाठी बनवलेली होती का? की हलक्या सायकलीवर कॅरिअर चढवलं होतं?

आरामाचा मुद्दा तर मला मुळीच मान्य नाही. फ्रेमचा आकार त्रिकोणांचा आहे. उभ्या दिशेने तो जेमतेम दबतो, धातू कोणताही असो. त्याच धक्क्याला ५० मिमीचं टायर, हवा बेताची असेल तर, पाच-सात मिलिमीटर सहज दबतं. हादरे टायर गिळतं आणि श्रेय फ्रेमला मिळतं. आरामासाठी फ्रेम बदलू नका, टायर रुंद घ्या.

माळरान:
प्रश्न रास्त आहे. कॅरिअरची भोकं होती, पण फ्रेम मुळात हलक्या वापराची होती. मागे १८ किलो होते, पुढे काहीच नाही. चूक माझीही होती, हे मानतो. आरामाचा मुद्दा मागे घेतो. त्या सायकलीला २८ मिमीची टायरं होती, आणि तो त्रास मी फ्रेमच्या नावावर लिहीत होतो हे आता लक्षात येतंय.

दुरुस्तीच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे.

ठिणगी:
त्या ठाम मुद्द्याबद्दलच लिहायला आले. वेल्डिंग हाच माझा व्यवसाय आहे आणि सायकलच्या फ्रेमही जोडते.

"स्टील कुठेही जोडता येतं" हे अर्धं खरं आहे. कुठलं स्टील आणि कुठल्या जागी, हे विचारलं पाहिजे. चांगल्या क्रोमोली नळ्या बटेड असतात, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ. रेनॉल्ड्सचं या पद्धतीचं पेटंट १८९७ सालचं आहे, इतकी जुनी युक्ती. टोकाला ०.८ किंवा ०.९ मिमी, मध्ये ०.५ किंवा ०.६. दरवाजे-जाळ्या जोडणारा कारागीर साध्या रॉडने, म्हणजे आर्क वेल्डिंगने, ०.५ मिमीवर गेला तर नळीला भोक पडेल. त्यात त्याचा दोष नाही. त्याचा हात आणि त्याचं यंत्र तीन मिलिमीटरच्या अँगलला सरावलेलं असतं.

दिलासा असा की तडे बहुधा सांध्यांपाशी जातात. हेड ट्यूबमागे (हँडलखालची आखूड नळी) डाऊन ट्यूबच्या, म्हणजे तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या, खालच्या अंगाला, सीट ट्यूबच्या माथ्याशी, उजव्या चेनस्टेवर. नळीचा जाड भागही तिथेच असतो. तेवढं जोडता येतं. पण रॉडपेक्षा गॅसच्या ज्योतीवर पितळेचं ब्रेझिंग (वितळलेल्या पितळेने जोडणं) करून घ्या. पितळ साधारण ९०० अंशांला वितळतं, मूळ स्टील वितळत नाही, त्यामुळे नळी जळून जाण्याचा धोका कमी.

कारागिराला या गोष्टी आधीच सांगा. रंग तड्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटं खरवडून चकचकीत धातू काढायचा. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. वरून पट्टी किंवा अर्धी फाकलेली नळी बसवून जोडायचं. आणि जोड पाण्यात विझवायचा नाही. ही शेवटची गोष्ट दोनदा सांगा, कारण गरम काम बादलीत बुडवायची सवय पुष्कळांना असते. क्रोमोली असं एकदम थंड केलं की ठिसूळ होतं आणि त्याच जोडाच्या कडेला पुन्हा तुटतं. हवेत आपोआप निवू द्या.

आणखी एक. एकदा पितळ लागलं की तिथे नंतर टिग वेल्डिंग (फ्रेमसाठी वापरतात ते बारीक विजेचं वेल्डिंग) नीट होत नाही, पितळ वितळून स्टीलमध्ये शिरतं. घरी आल्यावर पक्की दुरुस्ती करायची तर नळीच बदलावी लागेल. म्हणजे वाटेवरची दुरुस्ती तुम्हाला घरी पोचवेल, फ्रेम नवी करून देणार नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं विचाराल तर ६०६१ (फ्रेमसाठी वापरला जाणारा एक अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू) जोडता येतं, पण जोडाच्या आसपासची ताकद निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करायची, मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास ठेवायची. वाटेवर हे कोण करणार? तुम्हाला भेटलेल्या माणसाने मान हलवली ती योग्यच हलवली.

माळरान:
सोनारानेच कान टोचले हे बरं झालं. "कुठेही" हा शब्द मागे घेतो. पण ताई, तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा उभा राहतो आहे. घरी पोचवणारी दुरुस्ती एका धातूत होते आणि दुसऱ्यात होत नाही. मला तेवढंच हवं आहे.

उंचाडा:
धातूवर तुम्ही तिघे बोललात, मापांवर कोणीच नाही. मी सहा फूट तीन इंच. पहिली टूरिंग सायकल स्टीलचीच घेतली, नळ्यांवर नावाजलेलं लेबल होतं. मागे २० किलो बांधून उतारावर ४५ च्या वेगात गेलो आणि पुढचं चाक डावी-उजवीकडे थरथरायला लागलं. गुडघे टॉप ट्यूबला (वरच्या आडव्या नळीला) दाबून कसाबसा थांबलो. ती भीती अजून अंगात आहे.

त्या फ्रेमची डाऊन ट्यूब २८.६ मिमीची होती, आणि उंच माणसाची फ्रेम म्हणजे नळ्या लांब. सामानाने ती पिळवटत होती. महागडी मिश्रधातूची नळी घेतली की फ्रेम कडक होते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. साधं स्टील असो की रेनॉल्ड्सचं भारी ८५३, लवचिकतेचा आकडा सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. भारी स्टील जास्त ताकदवान असतं म्हणून नळी पातळ करता येते, आणि पातळ केली की ती उलट जास्त लवते!

कडकपणा येतो व्यासातून. नळीची जाडी तीच ठेवून व्यास २८.६ वरून ३१.८ केला तर कडकपणा ३७ टक्क्यांनी वाढतो, वजन फक्त ११ टक्क्यांनी. अ‍ॅल्युमिनियमवाले हेच करतात. त्यांचा धातू स्टीलच्या एक तृतीयांश कडक आणि वजनालाही जवळपास एक तृतीयांश, म्हणून ते नळ्या जाडजूड घेतात. त्यांच्या फ्रेमला सामानाखाली झोके कमी येतात, हे मी स्वतः चालवून पाहिलं आहे.

तेव्हा माळरान, फ्रेम बघायला जाताना व्हर्निअर (जाडी-व्यास मोजायचं साधन) घेऊन जा. लेबल नंतर वाचा. आणि लेबल वाचाल तेव्हा तेही नीट वाचा. पुष्कळदा "क्रोमोली" फक्त तीन मुख्य नळ्यांना लागू असतं, मागचे स्टे आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) साध्या, कमी ताकदीच्या हाय-टेन स्टीलचे असतात.

सातशेसी:
उंचाडा यांना शंभर टक्के अनुमोदन. थरथरीवर आणखी एक उपाय म्हणजे वजनाची वाटणी. पुढच्या चाकाशी लो-रायडर (खाली बसणारं कॅरिअर) लावून काही वजन तिथे, खाली टेकवा. मागे सगळं लादलं की कुठलीही फ्रेम शेपटी हलवते.

आता गंजाबद्दल. स्टीलवाले यावर बोलायचं टाळतात. गंज बाहेरून दिसतो तो किरकोळ. पाणी सीटपोस्टच्या फटीतून आत जातं आणि तळाशी, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलची धुरी बसते त्या) कवचात साठतं. चार-पाच महिन्यांत पाऊस, घाम, समुद्राची हवा सगळं आलं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या नळीत ग्रीस न लावता ठेवला तर दोन धातूंच्या संगतीने असा चिकटतो की करवतीने कापून काढावा लागतो.

माळरान:
टाळत नाही. नवी फ्रेम हातात आली की भाग बसवायच्या आधी सगळ्या नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फिरवून एक दिवस उलटी-सुलटी ठेवणार. जवसाचं तेलही चालतं, सुकून आत पापुद्रा धरतं. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी निथळायचं भोक आहे का, ते घेण्याआधीच बघणार. सीटपोस्ट दर महिन्याला काढून पुसून ग्रीस लावायचा. रंगाचा टवका उडाला की त्याच संध्याकाळी नेलपॉलिशचा थेंब. ही कामं मला जड वाटत नाहीत. मी रोज संध्याकाळी सायकल पुसतो, तेव्हाच तडा शोधायचा असतो.

वजनाचंही सांगतो, कारण पुढचा वार तोच येणार. टूरिंगची स्टील फ्रेम दोन-सव्वादोन किलोच्या आसपास, तशाच कामाची अ‍ॅल्युमिनियमची पाचशे-सातशे ग्रॅमने हलकी. ही पाऊण लिटर पाण्याची गोष्ट आहे. २५ किलो सामान लादल्यावर त्यासाठी मी भांडणार नाही.

सातशेसी:
वजनावर मीही भांडत नाही. माझं म्हणणं एवढंच की दुरुस्ती करता येते म्हणून स्टील घेण्यापेक्षा तुटणारच नाही अशी फ्रेम घ्यावी, आणि सामानासाठी बांधलेली चांगली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम तशी असते.

माळरान:
इथे आपले रस्ते वेगळे. तुटणार नाही असा भरवसा मला कुठल्याच फ्रेमचा उरलेला नाही. तडा कुठल्याही धातूला जाऊ शकतो. मला विचारायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसाबद्दल. सायकल ढकलत बसायचं, की ज्योत पेटवणारा शोधायचा? तो दिवस मी भोगला आहे.

ठिणगी:
फोर्क विसरू नका. डिस्क ब्रेकचा फोर्क असेल तर कॅलिपरच्या (डिस्कला दाबणाऱ्या भागाच्या) बाजूचा पाय जाड लागतो. आणि फोर्क तडकला तर तो जोडून पुढे जायचं नाही, बदलायचाच. स्टे तुटला तर माणूस सायकलीसकट बसकण मारतो, फोर्क तुटला तर तोंडावर पडतो.

माळरान:
हे लिहून ठेवलं. उंचाडा यांच्या व्हर्निअरमुळे माझी यादी बदलली. डाऊन ट्यूब निदान ३१.८. चेनस्टे ४५० मिमीच्या आसपास, टाच पॅनियरला घासू नये म्हणून. बॉटम ब्रॅकेट साध्या आट्यांचा, ६८ मिमीचा. मागचा हब १३५ चा, साध्या अ‍ॅक्सलचा. ५० मिमी टायर आणि वर मडगार्ड बसेल एवढी जागा. फोर्कही क्रोमोलीचाच आणि लो-रायडरच्या भोकांसकट. नळीवर कोणाचं नाव आहे हे शेवटी. दोन फ्रेम नजरेत आहेत. एकीचे स्टे हाय-टेनचे निघाले, ती बाद. दुसरी उद्या मोजून येतो.

उंचाडा:
मोजाल तेव्हा रिकामी चालवू नका. २० किलो बांधून उतारावर एकदा हँडल जरासं झटकून बघा, हात सोडायचे नाहीत. थरथर दोन झोक्यांत विरली तर घ्या, वाढत गेली तर परत करा.

सातशेसी:
आणि हँगर वाकला तर सरळ होतो हे बरोबर, पण आटे चिरडले तर होत नाही. फ्रेमला सुटा हँगर असेल तर दोन जास्तीचे घ्या आणि सीटपोस्टच्या नळीत नाही, हँडलच्या बॅगेत ठेवा. माझा एक आत अडकला होता, तो काढण्यात अर्धा दिवस गेला.