सोसायटीच्या गच्चीवरील सौर संच : 10 किलोवॅट घ्यावा की 6?

प्रश्न : सचिव, इंदिरानगर

नमस्कार. नाशिकमधील आमच्या सोळा सदनिकांच्या सोसायटीत लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे मिळून वर्षाला सुमारे 8,400 युनिट वीज लागते. एका पुरवठादाराने गच्ची पाहून ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेल्या 10 किलोवॅट संचाचा प्रस्ताव दिला आहे, तर दुसऱ्याच्या मते 6 किलोवॅट पुरेसे आहेत. सभासदांकडून वर्गणी घ्यायची असल्यामुळे क्षमता कशी ठरवावी आणि संच नीट चालतो आहे हे कसे ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : विद्युत अभियंता, गंगापूर रोड

क्षमता वीजबिलावरून ठरवावी. गच्ची मोकळी आहे म्हणून मोठा संच घेऊ नये. आपल्याकडे 1 किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट धरता येतात, त्यामुळे आपला वापर 6 किलोवॅटमध्ये भागतो. नेट मीटरमुळे (घेतलेली व दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरमुळे) दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, परंतु वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटना आपण वीज घेतो तो दर मिळत नाही, आणि म्हणून वरच्या 4 किलोवॅटमध्ये सभासदांचे पैसे अडकून पडतील. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, ते 6 किलोवॅटला 1,08,000 रुपये होते.

खरी काळजी सावलीची घ्या. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे तेवढेच कलते ठेवतात. मात्र डिसेंबरअखेरीस सूर्य इतका खाली असतो की 2 मीटर उंचीच्या टाकीची सावली भर दुपारीही जवळजवळ तेवढीच लांब पडते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ती पावणेचार मीटरपर्यंत वायव्येकडे पसरते. एकाच माळेतील (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलपैकी) एका पॅनेलवर सावली आली, तरी इतरांचे उत्पादन घटू शकते.

थंडीचाही हिशेब हवा. पॅनेल गार असताना व्होल्टेज वाढते. पारा 5 अंशांवर आला तर 25 अंशांच्या तुलनेत ही वाढ सुमारे 5 टक्के असते, आणि माळेचे एकूण व्होल्टेज तेव्हाही इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करणाऱ्या यंत्राच्या) मर्यादेत राहिले पाहिजे. उलट उन्हाळ्यात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापते तेव्हा दहा-बारा टक्के शक्ती कमी होते, हा दोष समजू नये.

उत्तर : सभासद, पंचवटी

संचाचे मूल्यमापन पूर्ण वर्षाच्या आकड्यांवरच करावे. आमच्याकडे जुलैमध्ये उत्पादन घटताच सभेत वाद झाला होता, पण एप्रिल-मेमध्ये सगळी कसर भरून निघाली. दर महिन्याच्या 1 तारखेला उत्पादनाचे मीटर वाचून वहीत लिहा, मागच्या महिन्याचा आकडा वजा करा आणि उरलेल्या युनिटना संचाच्या किलोवॅटने भागा; वर्षाची बेरीज वर सांगितलेल्या 1,400 युनिटशी ताडून पाहा. बोअरच्या पाण्याने धुतल्यावर आमच्या काचांवर क्षारांचे पांढरे डाग पडले होते, तेव्हा साधे गोडे पाणी वापरा आणि काच तापण्याआधी सकाळीच धुवा. वीज गेली की हा संचही बंद पडतो, कारण ग्रिडवर काम करणाऱ्यांच्या जिवासाठी इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लिफ्टसाठी बॅकअप ठेवावाच लागेल.

सचिव, इंदिरानगर

मनःपूर्वक आभार. आज 21 डिसेंबर असल्याने सकाळी साडेनऊला गच्चीवर जाऊन टाकीच्या सावलीची रेघ खडूने आखली, तर 6 किलोवॅटच्या आराखड्यातील 3 पॅनेल तिच्या आत आली. ती टाकीच्या दक्षिणेस हलवून सुधारित आराखडा द्यावा, असे पुरवठादाराला लेखी कळवले आहे.