स्वयंपाकघरातील लादी बदलण्यापूर्वी खालची जमीन कशी तयार करावी?

प्रश्न
मुलुंडमधील जुन्या इमारतीत आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघरात मोझॅकऐवजी व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्या आहेत. तोडफोड वाचावी म्हणून जुन्या लाद्यांवरच नव्या चिकटवाव्यात, असे मिस्त्री म्हणतात. परंतु सिंकजवळच्या काही लाद्या ठोकल्यावर पोकळ वाजतात आणि पावसाळा सरला तरी खालच्या घराच्या छतावरची ओल जात नाही. काय करावे?

उत्तर १
ताई, वर चिकटवू नका. पोकळ वाजणारी लादी खालच्या मसाल्यापासून सुटलेली असते, त्यामुळे नवी टाइल कितीही चांगली चिकटली तरी ती त्या सुटलेल्या लादीच्याच भरवशावर राहते. पावसाळ्यानंतरची ओल बहुधा नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपमधून येते. म्हणून प्लंबरकडून ते आधी तपासून घ्या. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन लाद्या स्लॅबपर्यंत काढा, मात्र जुन्या स्लॅबला ब्रेकरचे हादरे देऊ नका. छिन्नी-हातोड्याने काम सावकाश होईल, पण ते सुरक्षित आहे. गंजलेली सळई उघडी पडली, तर काम तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

उत्तर २
मी लादीकाम करून घेतो, म्हणून पुढचे सांगतो. स्लॅब झाडून, धुऊन, भेगा भरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत आणि ते भिंतीवरही वीतभर चढवावेत. लेप सुकल्यावर पाण्याची वाट बंद करून ४८ तास पाणी तुंबवून ठेवा व खालच्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन छत पाहा. ही चाचणी टाळून पुढे जाणाऱ्या माणसाला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मग पाण्याच्या नळीने लेव्हल काढून एकास चार प्रमाणाचा सिमेंट-रेतीचा थर घालावा आणि तो किमान सात दिवस ओला ठेवावा. त्यावर दोन मीटरची सरळ पट्टी सर्व दिशांना फिरवा. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर ती जागा आधी भरून घ्या. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे पाण्यात कालवलेले नुसते सिमेंट तिला धरून ठेवत नाही. आयएस १५४७७ या मानकाचे अॅडहेसिव्हच वापरावे.

प्रश्नकर्ती
सविस्तर मार्गदर्शनाबद्दल दोघांचे आभार. मिस्त्री वर चिकटवण्याचा विचार सोडायला तयार झाले आहेत. थर पुरेसा वाळला आहे, हे आम्ही घरच्या घरी कसे ओळखावे?

उत्तर २
हातभर लांब-रुंद, जाडसर प्लास्टिक थरावर पसरून चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवून एक दिवस तसेच ठेवा. आतल्या बाजूस थेंब जमले किंवा खालचा सिमेंटचा रंग काळपट झाला, तर अजून थांबावे लागेल. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत हा थर फार सावकाश वाळतो, म्हणून शक्य असल्यास हे काम दिवाळीनंतर काढा.