वडील वापीला वारले, उधारीवाले नाशिकला फोन करतायत

पंचवटीकर७१:
मंडळी, दादा म्हणजे माझे वडील मार्चमध्ये गेले. वीस वर्षं गुजरातमधल्या वापीला वर्कशॉप, राहायलाही तिथेच, मृत्युपत्र वगैरे काही नाही, तिथल्या बँकेत एफडी आहे. मागणारे म्हणजे माल देणारे दोघं, एक हातउसने दिलेला मित्र आणि दोन कारागीर, ज्यांचा पगार थकलाय. जो सगळ्यात जास्त बोंबलत होता त्याला मी ६०,००० देऊन टाकले, स्वतःच्या खिशातून. आता बाकीच्यांचं काय करू? आणि कोर्ट आपलं की तिकडचं?

सिडकोची_वकीलबाई:
आधी खिशातून देणं थांबवा भाऊ! वडिलांचं कर्ज त्यांच्या मालमत्तेतून फिटतं, तुमच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी (जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी). एफडीसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट लागू शकतं, आणि ते राहत होते तिथलं जिल्हा कोर्ट म्हणजे वलसाड, सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या नाशिकच्या कोर्टात खेटे घालू नका. एकदा मिळालं की भारतभर चालतं.

द्यायचा क्रम भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ३२० पासून आहे. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजाराचा वाजवी खर्च, मग कोर्टाचा खर्च, मग कारागिरांची शेवटच्या ३ महिन्यांची मजुरी, आणि उरलेले सगळे सारख्या प्रमाणात. समजा शिल्लक ४ लाख आणि मागणी ८ लाख, तर प्रत्येकाला रुपयाला आठ आणे, मग कोणी कितीही बोंबलो. कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकासाठी आहे हे, पण तुम्हीही असंच चाला, नंतर भांडण नको.

सातपूरकर:
माझ्या मामांच्या वेळी हेच झालं, इंदूरला. तो मित्र कागद दाखवतोय का विचारा, हातउसन्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, जुनं असेल तर कोर्टात टिकणार नाही. फक्त भावनेच्या भरात 'देतो' असं लिहून सही करून देऊ नका, मुदतीच्या आत दिली तर ३ वर्षं परत नव्याने सुरू.

पंचवटीकर७१:
बापरे. रामकुंडावरच्या दहाव्याचा खर्च पण धरायचा का मग?

सिडकोची_वकीलबाई:
विधीचा धरा, पावत्या जपा. गल्लीभर जेवण घातलं असेल तर त्यावर घेणेकरी भांडणार. आणि त्या ६०,०००ची पावती?

पंचवटीकर७१:
फोनपेचा स्क्रीनशॉट आहे फक्त.

सिडकोची_वकीलबाई:
आजच प्रिंट काढा, आणि त्याच्याकडून उरलेली बाकी लिहून घ्या.