एम.एड.चा लघुशोधप्रबंध बंदच करावा. पटतं का?

खडूधारी:
गेल्या वर्षी एम.एड. (शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) संपवलं. पूर्वी एका वर्षात उरकायचं, 2015 पासून दोन वर्षांचं झालं. त्यातला बराचसा जीव लघुशोधप्रबंध खातो आणि तो अभ्यासक्रमातून काढून टाकावा असं माझं सरळ मत आहे. आमच्या बॅचमधल्या निम्म्यांचा विषय एकच होता: अमुक इयत्तेच्या तमुक घटकासाठी संगणकसाहाय्यित कार्यक्रमाची परिणामकारकता. इयत्ता आणि घटक तेवढा बदलायचा. तीस मुलं या गटात, तीस त्या गटात, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी मूल्य (दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का, ते तपासायचा आकडा) 2 च्या वर गेलं की शून्य परिकल्पनेचा, म्हणजे 'फरक नाही' या गृहीतकाचा, त्याग. नव्या पद्धतीनं शिकवलेली मुलं मागे पडली, असा एकही प्रबंध माझ्या पाहण्यात नाही. नाशिकला शालिमारवर प्रबंधाच्या टायपिंगला गेलो तर तो माणूस विचारतो, "सर, दुसरं प्रकरण (आधीच्या संशोधनाचा आढावा) तुमचं टाकू, की माझ्याकडे आहे तेच ठेवू?" आता बोला.

पेठच्या_बाई:
सर, विषय तुम्हीच निवडला होतात ना? मग प्रबंधावर कशाला राग?
मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. छाटणी सुरू झाली की आमच्या पाड्यावरून जीप भरभरून माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. पुढे डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), मग माल काढायला. वर्ग निम्मा होतो. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं मीही स्टाफरूममध्ये म्हणायचे. प्रबंधासाठी तीन वर्षांच्या हजेऱ्या काढल्या आणि 22 घरं फिरले. चौथी-पाचवीच्या ज्या मुली गैरहजर होत्या, त्यातल्या कितीतरी बागेवर गेल्याच नव्हत्या. आई बागेवर गेलेली, म्हणून त्या इथेच घरी धाकटी भावंडं सांभाळत होत्या. हजेरीत मात्र सगळ्यांना सारखाच 'गै'.
पुढच्या हंगामात धाकट्यांना वर्गात बसू दिलं. गोंगाट वाढला, मुली आल्या. सगळ्या नाही.

खडूधारी:
बाई, काम छानच आहे. पण याला एम.एड. कशाला? हे तर कृतिसंशोधन झालं, आपल्याच वर्गातली अडचण सोडवायला केलेलं. कुठलाही शिक्षक करू शकतो.

पेठच्या_बाई:
करू शकतो, करत नाही. त्या हजेऱ्या चार वर्षं माझ्याच कपाटात होत्या. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये. गाइड मॅडमनी आराखडा दोनदा परत केला. "पालक उदासीन आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढंच विचारत राहिल्या. उत्तर नव्हतं, म्हणून घरं फिरले. 'न्यादर्श (सॅम्पल) लहान आहे' असं तोंडी परीक्षेत ऐकून घेतलं, ते वेगळं.

द्राक्षबाग_निफाड:
तुमचं चालू द्या. माझ्या बहिणीनं फी भरून एम.एड. केलं. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर गुण धरतात ते अभियोग्यता चाचणीचे, 200 पैकी. तिथे प्रबंधाला कुणी विचारत नाही. बी.एड. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.एड. कामाचं, पण जागा आहेत कुठे?
(आणि बाई, बागायतदारालाही एकदा विचारा. लेकरं बागेत औषधाच्या फवाऱ्यात फिरावीत असं आम्हालाही वाटत नाही.)

निवृत्त_गाइड:
नोकरीचा मुद्दा बरोबर आहे, पण धागा त्याचा नाही. खडूधारींचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. टी मूल्य 1.4 आलं की विद्यार्थी रडकुंडीला येऊन माझ्यासमोर बसायचा, "सर, प्रयोग फसला." अरे, फसला नाही, हेच तुझं उत्तर! पण हे त्याला कोण सांगणार? गाइडकडे एका वेळी इतके विद्यार्थी, की मलाही कधीकधी विषयाच्या आधी चेहरा आठवायचा. मी स्वतःही साच्यातले विषय मंजूर केलेत, खोटं कशाला बोलू.
दुसरं म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध निदान शोधगंगा या संकेतस्थळावर चढतात, कुणीही उघडून बघू शकतो. लघुशोधप्रबंध काळ्या बाइंडिंगमध्ये कॉलेजच्या कपाटात जातो. वाचणारच कुणी नाही म्हटल्यावर टायपिंगवाला तो प्रश्न विचारणारच. ते कपाट उघडा, बरंच काही सुधारेल.
आणि काढून टाकलात तर पुढे काय? मधली पायरी होती एम.फिल.ची, ती 2022 च्या नियमांनी गेली. म्हणजे पोरगं आयुष्यातली पहिली प्रश्नावली थेट पीएच.डी.ला बनवणार?

खडूधारी:
एम.फिल.चा मुद्दा मान्य. मग प्रबंध ऐच्छिक करा. ज्याला पुढे संशोधन करायचंय तो करेल, बाकीच्यांना एक सत्र शाळेवर पाठवा.

पेठच्या_बाई:
ऐच्छिक असता तर मी घेतलाच नसता. पेठ ते नाशिक एसटीचे धक्के खाऊन शनिवारी तासाला यायचे, वर हे कोण ओढवून घेईल? सक्ती होती म्हणून हजेऱ्या उघडल्या.
बाकी सर, एक राहिलं. टायपिंगवाल्याला तुम्ही काय सांगितलंत?

खडूधारी:
निम्मं ठेव म्हणालो. मुदतीला चार दिवस उरले होते.